गिऱ्हाइकांच्या वहीला कुलूप कोणाचे?

ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक पासवर्ड टाकून आत येते. ही ओळख तपासण्याचे काम अनेक दुकानदार भाड्याच्या सेवेवर सोपवतात. मायक्रोसॉफ्टची ‘अझ्युर एडी बी-टू-सी’ ही त्यांपैकीच एक. तिच्या माहितीपत्रकांत कंपनीने केलेले बदल व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावेत.

१ मे २०२५ पासून नव्या ग्राहकांना या सेवेची विक्री बंद झाली. जुन्यांना ती निदान मे २०३० पर्यंत मिळेल, असे कंपनी सांगते. तिचा ‘पी-टू’ हा महाग प्रकार बंद करण्यासाठी मात्र १५ मार्च २०२६ ही तारीख ठरली. नव्यांसाठी ‘एन्ट्रा एक्स्टर्नल आयडी’ ही सेवा आहे. तिच्यात महिन्याला पहिल्या ५०,००० गिऱ्हाइकांचे पैसे पडत नाहीत. एसएमएसचा खर्च वेगळा.

मुदत लांब दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. नावे व ईमेल नव्या सेवेत नेता येतात, पासवर्ड काढून घेता येत नाहीत. मग एक तर प्रत्येकाला नवा पासवर्ड करायला लावायचा, नाहीतर तो जुना टाकील तेव्हा तपासून नवीकडे नोंदवायचा. ही दुसरी रीत जुनी सेवा चालू असेपर्यंतच साधते. दारात अडलेले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, हे आपल्याला सांगायला नको.

तेव्हा आपल्या कॉम्प्युटरवाल्याला आजच विचारावे: सेवा कोणती, खाते कोणाच्या नावावर, आणि हलवणार कधी? उत्तरे लेखी घ्यावीत.