बुधवार, लसीकरणाचा वार

पहाटे ५

मार्च लागला की किनवटच्या जंगलात मोहाची फुलं गळायला लागतात आणि आमचं वेळापत्रक त्या फुलांच्या हाती जातं. बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, ऊन तापल्यावर परततात. लसीला अकराला बोलावलेली आई दोनला उगवते. तिच्यावर चिडून उपयोग नाही. फुलं कुणासाठी थांबत नाहीत.

चहा उकळेपर्यंत बायबल. घरात रमाबाईंच्या भाषांतराची प्रत आहे, आईकडून आलेली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झालं, एवढं आमच्याकडं शब्बाथशाळेतली पोरंही सांगतात. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये त्याचे खिळे जुळवणाऱ्या बाया मात्र कुणाच्या तोंडी नसतात. दुष्काळातून शेकडो मुली मुक्तीत आल्या होत्या. पुढं तिथल्याच बायकांनी छापखाना चालवला. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, उलटं अक्षर वाचायचं, ओळीत बसवायचं. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत!

सकाळी ८

आरोग्य केंद्रात व्हॅक्सिन कॅरिअर भरायचा. आइसपॅक फ्रीजरमधून काढले आणि टाकले, असं चालत नाही. कडक गोठलेल्या पॅकला पेंटाव्हॅलंटची बाटली टेकली तर लस गोठून बाद होते. म्हणून पॅक टेबलावर मांडायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, मग एकेक कानाशी नेऊन हलवायचा. आत पाणी खुळखुळलं की झालं. बाहेर जीपवाला हॉर्न मारत असतो. पॅक चार, आणि चारही हलवायचे.

न हलवता भरले तर कुणाला कळेल? कुणालाच नाही. मूल रडेल, आई घरी जाईल, रजिस्टरात टिक पडेल. रविवारी गीत गाताना माझा विश्वास फारसा कसाला लागत नाही. या टेबलापाशी लागतो.

सकाळी १०

तांड्यावरची अंगणवाडी. आशाताई यादी घेऊन घरोघर हाका मारतात. ओट्यावर गोरमाटी चालू, पलीकडच्या गुड्यावरून आलेल्या बायकांची गोंडी, मधेच तेलुगू; माझी मराठी सगळ्यांत पातळ.

"सिस्टर, ताप येईल का लेकराला?"

"येईल माय. आला तर गोळी कशी द्यायची ते सांगते, आणि अर्धा तास इथंच बसायचं."

ड्युटीवर मी सुवार्ता सांगत नाही. पगार सरकारचा आणि समोरची बाई पोराच्या काळजीनं अडकलेली. अशा वेळी तिला धर्म ऐकवणं मला बरं वाटत नाही. क्रूस साडीच्या आत असतो. तरी सगळ्यांना माहीत आहे.

दुपारी २.२०

बीसीजीची बाटली दहाला फोडली होती. विरघळवल्यापासून चार तास, पुढं ती फेकायची. म्हणून लेबलावर वेळ लिहिलेली असते. वीस मिनिटांपूर्वी तिची मुदत संपली. आणि आता मोहाची टोपली डोक्यावर, तान्हं कडेला, अशी एक माय दारात.

एका बाळासाठी दहा डोसांची बाटली फोडायची? फोडायची, असाच नियम आहे. नव्याण्णव मेंढरं सोडून एकामागं जाणारा मेंढपाळ हिशेबात बसत नाही म्हणतात. इथं तो सरकारी सूचनेतच बसवलाय. डाव्या दंडावर सुई कातडीला जवळजवळ आडवी ठेवून घातली. फुगा आला, मसुरीएवढा. काही आठवड्यांनी तिथं फोड येईल, मग वण राहील. फोड दिसला की घाबरून पाला बांधू नका, हे दोनदा सांगितलं.

संध्याकाळी ७

घरगुती प्रार्थनासभा. साक्षीची वेळ आली की कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाचा आजार गेलेला असतो. मी काय सांगू, चार आइसपॅक हलवले?

माझी आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उभारलेलं ते रुग्णालय. त्यांच्या नावाची वानलेसवाडी नकाशावर आहे आणि असायलाच हवी. रात्रपाळीच्या नर्सची वाडी मात्र कुठंच नाही. थर्मामीटर न लावता आईनं तापाचा आकडा चार्टवर कधी लिहिला नाही. प्रार्थना मला तिनं शिकवली, पण देव कुणी बघत नसताना बघतो हे त्या चार्टमुळं पटलं. मिशनरी चरित्रांनी तेवढं कधी पटवलं नाही.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत. उपासनेआधी येऊन झाडतात, चटया घालतात, शेवटच्या चटईवर बसतात. पाळक बदलले, आजी त्याच. माझ्यासकट इथले बरेच जण त्यांच्या शब्बाथशाळेतून गेलेत. मंडळीचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात पाळकांची नावं क्रमानं येतील.

रात्री ९.३०

रजिस्टर. बीसीजीच्या रकान्यात दुसरी बाटली फोडल्याची नोंद, वाया गेलेले डोस नऊ. कारणाला जागा नाही.

मार्चअखेर मंडळ्यांचे वार्षिक अहवाल लिहायला घेतले जातील. चिटणिसांना एकच विनंती: देणगीदारांच्या यादीखाली एक ओळ मोकळी ठेवा आणि चटया कोण घालतं ते लिहा. आजी नको म्हणतील. तरी लिहा.