लाल, हिरवा आणि जोडीचा पिवळा

मुंबईत कॉटन ग्रीनच्या सेंट ज्यूड केंद्रात परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात उपचार घेणारी लहान मुलं आईवडिलांसोबत राहतात. बाहेरगावाहून परळला येणाऱ्या कुटुंबांच्या पिशवीत फायलीसोबत पुष्कळदा एक छोटा मेणाचा ब्लॉक असतो. आधीच्या दवाखान्यात काढलेल्या गाठीचा तुकडा त्यात बसवलेला असतो.

असा ब्लॉक कापताना मी परळच्या एका प्रयोगशाळेत पाहिला. मायक्रोटोमच्या पात्यावरून 3 ते 4 मायक्रॉन जाडीची फीत निघते. तंत्रज्ञताई ती अलगद कोमट पाण्यावर सोडतात आणि काचेवर झेलतात. फितीला सुरकुती पडली की ती बाद, पुन्हा नवी. ब्लॉकमध्ये ऊतक मोजकंच असतं, म्हणून त्यांचा हात कधी घाई करत नाही.

रंगवलेल्या काचेवर सारख्या आकाराच्या गर्द निळ्या पेशींची दाटी होती आणि मधूनमधून मेलेल्या पेशी गिळणाऱ्या फिकट पेशी. केआय-67 या तपासणीत जवळजवळ प्रत्येक केंद्रक तपकिरी झालेलं, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पेशी विभाजनाच्या चक्रात. शंका बर्किट लिम्फोमाची, म्हणजे बी नावाच्या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाची होती. युगांडात काम करणारे शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी 1958 साली मुलांच्या जबड्यातल्या ज्या गाठींचं वर्णन केलं, तोच हा आजार.

खरी उत्कंठा फिशच्या, म्हणजे जनुकांवर चमकते रंग लावून पाहण्याच्या तपासणीच्या, अंधाऱ्या खोलीत. पेशीला वाढायला लावणाऱ्या मिक जनुकाच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा ठिपका चिकटवलेला असतो. जनुक शाबूत असेल तर दोन्ही रंग मिसळून पिवळे दिसतात. इथे केंद्रकामागून केंद्रकात एक पिवळा, आणि दूर दूर पडलेले एक लाल, एक हिरवा; म्हणजे जनुकाची एक प्रत शाबूत, दुसरी तुटलेली. डॉक्टर न बोलता मोजत राहिल्या.

हे तुटणं का घडतं, याचं उत्तर मला फार अस्वस्थ करणारं वाटतं. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं सुधारण्यासाठी बी पेशी स्वतःचाच डीएनए कापते आणि जोडते. त्या जोडणीत चूक होऊन आठव्या गुणसूत्रावरचं मिक बहुतेकदा चौदाव्यावरच्या प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं. बी पेशीत ती जागा सतत कामात असते, त्यामुळे मिकही थांबत नाही. पेशी वाढतच राहते. संरक्षणाच्या कामातूनच हा आजार जन्मतो.

फॉलिक्युलर नावाच्या दुसऱ्या लिम्फोमात त्याच चौदाव्या गुणसूत्राशी अठराव्यावरचं बीसीएल-2 हे जनुक जोडलं जातं. तिथे पेशी वेगाने वाढत नाही, पण मरायचं टाळते. म्हणून तो आजार बहुधा वर्षानुवर्षं संथ चालतो. मिक आणि बीसीएल-2 दोन्ही तुटलेली आढळली, तर तो निराळाच, अधिक कठीण लिम्फोमा. त्यामुळे एका फिशवर कुणी नाव ठरवत नाही. पेशींचं रूप, तपकिरी डाग आणि ठिपके एकमेकांशी जुळवूनच सही होते.

बर्किटची गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते, पण वेळेवर तीव्र केमोथेरपी मिळाली तर बहुतांश मुलं बरी होतात. म्हणून मोजणी संपताच डॉक्टरांनी आधी वॉर्डात फोन लावला. छापील रिपोर्ट नंतर गेला.