एम.टेक. करून अंतराळाकडे
इस्रोचं स्वप्न बघणाऱ्यांनी आधी तिरुअनंतपुरमजवळच्या वलियमलाची आयआयएसटी (भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था) बघावी. २००७ साली सुरू झालेल्या या संस्थेत एम.टेक.ला प्रवेश 'गेट' परीक्षेच्या गुणांवर मिळतो. शिक्षण वर्गातच अडकत नाही: १ एप्रिल २०१९ रोजी पीएसएलव्ही-सी४५ रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर बसून संस्थेचं 'एरिस' हे उपकरण आयनांबराच्या अभ्यासाला गेलं. उपग्रहचित्रांची आवड असेल, तर डेहराडूनची आयआयआरएस (भारतीय सुदूर संवेदन संस्था) बघावी. पीकपाहणी, जंगलं, पूर अशा कामांत तिथली विद्या थेट उपयोगी पडते. मात्र एम.टेक. झालं म्हणजे इस्रोची नोकरी पक्की, असं मुळीच नाही. भरतीला वेगळं उतरावं लागतं. पण इस्रो हाच एक मार्ग नाही: २०२०पासून अंतराळ क्षेत्रात खासगी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली आहे. हैदराबादच्या स्कायरूटनं १८ नोव्हेंबर २०२२ला 'विक्रम-एस' हे रॉकेट उडवलं.