तांबड्या ठिपक्याचा माणूस

सह्याद्रीत कड्याखाली तांबडा रंग दिसला की हात आपसूक जोडले जातात. वाघजाई असेल, म्हसोबा असेल, नाहीतर नाव विसरलेला एखादा गावदेव. दगडाला शेंदूर, समोर करवंट्या, विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या. आपल्याकडे सुळक्यावर पहिला दोर चढवण्याआधी नारळ वाढवणारे आरोहक मी पाहिले आहेत. त्यात देवाधर्माला एरवी हसणारेही असतात.

जर्मनीतल्या फ्रांकेनयुरा भागात कातळांच्या पायथ्याशी असाच तांबडा रंग दिसतो. आकाराने छोटा, ब्रशने भरलेला गोल ठिपका. तो देवाचा नाही. तो १९७५ साली पहिल्यांदा काढला कुर्ट आल्बर्ट नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने. आज जगात कुठेही, अगदी बेलापूरच्या कातळावरही, एखादी मुलगी धापा टाकत खाली उतरते आणि ‘रेडपॉइंट झाला’ म्हणते तेव्हा ती याच ठिपक्याचं नाव घेत असते. मूळ जर्मन शब्द ‘रोटपुंक्ट’. तांबडा ठिपका, इतकाच त्याचा अर्थ.

आल्बर्टचा जन्म २८ जानेवारी १९५४चा, न्यूरेम्बर्गचा. हे शहर आणि बांबेर्ग, बायरॉइट यांच्यामध्ये जंगलात विखुरलेल्या चुनखडीच्या कातळांचा प्रदेश म्हणजे फ्रांकेनयुरा. कातळ फार उंच नाहीत. तैलबैल्याची भिंत पाहिलेल्याला पहिल्यांदा तर हसूच येईल. पण दगड असा की पावसाने आणि काळाने त्याला भोकं पाडून ठेवली आहेत. कुठे तीन बोटं मावतील, कुठे दोन, कुठे एकाच बोटाचं एकच पेर. आपला बेसाल्ट कपारी देतो, पायऱ्या देतो आणि ऐन वेळी हातात सुटूनही येतो. हा चुनखडक बोटांची परीक्षा घेतो. नकाशावर हा भाग बव्हेरियात येतो, पण इथली माणसं बव्हेरियन म्हणवून घ्यायला फारशी राजी नसतात, ती फ्रँकोनियन. नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आल्बर्ट शिकला गणित आणि भौतिकशास्त्र, पुढे काही वर्षं शाळेत तेच शिकवलं. चढायला लागला चौदाव्या वर्षी. त्या वेळच्या कुठल्याही हुशार जर्मन पोराप्रमाणे त्याचंही स्वप्न आल्प्सचं होतं. विशीच्या आतच तो ग्रांद जोरासच्या वॉकर स्परवर आणि आयगरच्या उत्तर भिंतीवर जाऊन आला. गावाकडचे कातळ म्हणजे मोठ्या पहाडांसाठीचा सराव, असाच तेव्हाचा समज. सरावात कातळात ठोकलेल्या मेखा सर्रास धरायच्या, मेखेला दोरशिडी लावून तिच्यात उभं राहायचं, पुढची मेख गाठायची. वर पोचलं की झालं. कसं पोचलं हे कोणी विचारत नसे.

१९७३ साली तो पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनजवळ एल्बे नदीकाठच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर गेला. जर्मनी तेव्हा दोन होत्या आणि मध्ये काटेरी तारा होत्या. पश्चिमेकडून जाणाऱ्याच्या मनात पूर्वेबद्दल थोडी कीव असायची: गरीब बिचारे, ना धड दोर, ना धड बूट. तिथे आल्बर्टला दिसलं ते उलटंच. रुडॉल्फ फेरमान याने १९१३मध्ये मांडलेले नियम तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली होती. हात आणि पाय फक्त दगडावर. कातळातली लोखंडी कडी दोर अडकवायला, धरायला नाही. दगड मऊ, म्हणून फटीत धातू कोंबायचा नाही. दोरीची गाठ मारून ती फटीत बसवायची आणि तिच्यावर जीव टाकायचा. एक कडी आणि पुढची कडी यांत अंतर इतकं की पडलात तर पडलातच. आणि या नियमांत राहून ही माणसं ज्या वाटा चढत होती त्या पश्चिमेतल्या भल्याभल्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. यांतला एक, बेर्न्ड आर्नोल्ड, तर अनवाणी चढायचा. पुढे आल्बर्टशी त्याचं आयुष्यभराचं मैत्र जुळलं.

आल्बर्ट घरी परतला आणि त्याला आपले कातळ वेगळे दिसू लागले. ज्या वाटा ‘झालेल्या’ होत्या त्या खरं तर झालेल्याच नव्हत्या. मग त्याने एक खेळ सुरू केला. वाटेतल्या मेखांवर तांबडी फुली मारायची: ही धरायची नाही, तिच्यावर पाय द्यायचा नाही. तिथून कितीही वेळा पडा, पुन्हा या, हालचाली पाठ करा. ज्या दिवशी तळापासून माथ्यापर्यंत न पडता, दोरावर भार न टाकता एका दमात चढाल, त्या दिवशी पायथ्याशी तांबडा ठिपका. पहिला ठिपका पडला श्ट्राइटबेर्गच्या कड्यावर, ‘आडोल्फ रॉट स्मृतिमार्ग’ नावाच्या वाटेवर.

इथे एक गल्लत आधीच दूर करतो, कारण आपली वर्तमानपत्रं ती वर्षानुवर्षं करत आली आहेत. या पद्धतीला मुक्त आरोहण म्हणतात, पण त्याचा अर्थ दोराशिवाय चढणं नव्हे. दोर असतो, बोल्ट असतात, खाली बिले देणारा, म्हणजे दोर सांभाळणारा, जोडीदार असतो. ते सगळं पडल्यावर झेलण्यासाठी. वर नेतात ते हातपायच. दोर सोडून एकट्याने चढणं हा निराळा आणि बहुतेकांनी न करण्याचा प्रकार.

आल्बर्टची करामत मला वाटते ती अशी. त्याने एल्बेकाठचा नियम जसाच्या तसा उचलला असता तर फ्रांकेनयुरात चार शूर माणसं चढली असती आणि दोन दगावली असती. पण न्यूरेम्बर्गच्याच ओस्कर ब्यूलर या माणसाने सिमेंटमध्ये बसवायची पक्की कडी बनवली होती. ती भागातल्या कातळांवर जागोजागी होती. तिच्यावर पन्नासदा पडलं तरी ती हलत नव्हती. आल्बर्टने पूर्वेचा सोवळेपणा घेतला आणि पश्चिमेची कडी ठेवली. भीती कमी केली, कस वाढवला. गणिताच्या शिक्षकाला शोभेल असं हे समीकरण आहे: एक चल स्थिर ठेवला की दुसरा मोजता येतो. पडून मरण्याची धास्ती बाजूला ठेवल्यावर प्रश्न एवढाच उरला की माणसाच्या बोटांत आणि डोक्यात किती आहे.

ब्रिटिशांना हे पटायला वेळ लागला. सराव करून चढणं म्हणजे प्रश्नपत्रिका आधी पाहून परीक्षेला बसणं, असा त्यांचा सूर होता. त्यात तथ्य नाही असं नाही. पण ठिपका कुणावर सक्ती करत नव्हता, ही त्यातली खरी गंमत. कुणी मेख धरून गेला तर आल्बर्ट त्याला अडवत नव्हता, मेखा उपटून टाकत नव्हता. पायथ्याशी फक्त एक तांबडी टिकली असायची. ती सांगायची: इथून हातपायांनी जाता येतं, एकजण जाऊन आलाय. बघा बुवा.

लोकांनी बघितलं. अवघडपणाच्या मोजपट्टीचं तेव्हा गमतीशीर होतं. आल्प्सकडच्या युरोपात ती सहाव्या श्रेणीला संपायची. माणसाच्या आवाक्याची हद्द ती, असं मानत. १९७७मध्ये राइनहार्ड कार्ल आणि हेल्मुट कीने यांनी ‘पम्परिस्से’ ही वाट चढून तिला उघडपणे सातवी म्हटलं, आणि छप्पर उडालं. फ्रांकेनयुरात आल्बर्टने १९८१मध्ये ‘झाउटान्झ’ नववी वजा, १९८२मध्ये ‘माग्नेट’ नववी. त्याच १९८१मध्ये अमेरिकेचा जॉन बाकार येऊन ‘चेसिन द ट्रेन’ चढून गेला; जॅझवाल्या कोल्ट्रेनच्या नावावरची कोटी. मग इंग्लंडचा जेरी मॉफट आला. आणि जर्मनीतल्याच फाल्झ भागातून एक लाजरा, रुंद खांद्यांचा मुलगा आला, वोल्फगांग ग्युलिश. १९९१मध्ये त्याने ‘अ‍ॅक्शन दिरेक्त’ ही वाट केली, अकरावी श्रेणी, एकेका-दोन-दोन बोटांच्या भोकांवर झेप घेत जायची. त्या चार हात दगडासाठी अकरा दिवस घातले. जगातली तोवरची सर्वांत अवघड वाट, आणि पद्धत ठिपक्याचीच.

ओबरश्योलेनबाख नावाच्या खेड्यात आल्बर्ट, ग्युलिश आणि नोर्बर्ट झांडनर एका घरात राहायचे. त्या घराविषयी आरोहक आजही आपल्याकडच्या जुन्या तालमीविषयी बोलावं तसं बोलतात. जगभरातला कोणीही कफल्लक आरोहक फ्रांकेनयुरात आला की पथारी तिथे. चटईवर झोपायचं, कॉफी प्यायची, संध्याकाळी गावच्या बिअरवर कालच्या हालचालींचा काथ्याकूट. श्रेणीचे आकडे जगभर गेले ते या घरातून, आणि त्यांच्याबरोबर एक वृत्तीही गेली: शत्रू नाही, स्पर्धक नाही, पुढची पकड कुठे आहे ते एकमेकांना सांगायचं. आपण शोधलेल्या वाटेवर दुसरा वरचढ ठरला तर बहुतेकांच्या पोटात दुखतं. ग्युलिश आल्बर्टच्या पुढे गेला, तेही त्याच्याच घरात राहून. त्यानंतरही दोघं एका दोराला बांधलेले दिसतात, पहाडांमागून पहाड. हे मला त्या ठिपक्याइतकंच मोठं वाटतं.

कारण आल्बर्ट छोट्या कातळांवर थांबला नाही. तोच प्रश्न त्याने मोठ्या भिंतींना विचारायला सुरुवात केली. १९८८मध्ये काराकोरममधल्या ट्रांगोच्या नेमलेस टॉवरवर युगोस्लाव्ह आरोहकांनी आदल्या वर्षी केलेली वाट त्याने ग्युलिश आणि हार्टमुट म्युन्शेनबाखसह मुक्त चढून दाखवली, सहा हजार मीटरांवरच्या विरळ हवेत. १९९१मध्ये पातागोनियातल्या टोरेस देल पाइनेच्या मधल्या मनोऱ्यावर ‘रायडर्स ऑन द स्टॉर्म’. त्यात आर्नोल्डही होता. बर्लिनची भिंत पडून दोन वर्षंही झाली नव्हती आणि पूर्वेचा अनवाणी माणूस पश्चिमेच्या शिक्षकासोबत जगाच्या दुसऱ्या टोकाला वादळ संपण्याची वाट पाहत बसला होता. १९९५मध्ये फिट्झ रॉयवर ‘रॉयल फ्लश’. पुढे श्टेफान ग्लोवाच आणि होल्गर हॉयबर यांच्याबरोबरच्या मोहिमा, रोराइमाच्या पठारी कड्यापर्यंत. वाटांना गाण्यांची, पत्त्यांच्या डावांची नावं. हुतात्म्यांची किंवा राष्ट्राची नाहीत. आपल्याकडे मोहिमेचं नाव ठेवताना इतका हलका हात कमी दिसतो.

ग्युलिश १९९२च्या ऑगस्टमध्ये गेला, एकतिसाव्या वर्षी. कातळावर नाही. म्युनिकहून परतताना महामार्गावर गाडीला अपघात झाला आणि दोन दिवसांनी, ३१ तारखेला, रुग्णालयात त्याने प्राण सोडला.

आल्बर्टचं जाणंही असंच विचित्र. २६ सप्टेंबर २०१०, रविवार. हेर्सब्रुकजवळचा ह्योएनग्ल्युकश्टाइग हा लोखंडी तारेचा, पायऱ्या-खुंट्यांचा मार्ग आहे. तारेला कॅराबिनर अडकवत कड्याच्या कुशीतून फिरायचं. सुटीच्या दिवशी हौशी माणसं तिथे जातात. नेमलेस टॉवर आणि फिट्झ रॉयवरून परतलेला माणूस त्या मार्गावरून सुमारे अठरा मीटर खाली कोसळला. दोन दिवसांनी, २८ सप्टेंबरला, गेला. छप्पन्न वर्षांचा होता. लोखंड धरून चढायचं नाही असं ज्याने शिकवलं तो लोखंडाच्या वाटेवर गेला, असं तेव्हा कोणाच्या तरी मनात आलंच असेल. मला त्यात काही अर्थ दिसत नाही. रोज गॅसवर दूध तापवणाऱ्याचाही एखाद्या दिवशी हात भाजतो. आरोहणात सोप्या जागी माणसं जातात ती अवघड जागी सावध असतात म्हणूनच, हे आपल्याकडच्या क्लबांतही जुनी माणसं नवख्यांना सांगून दमली आहेत.

आपल्याकडे ठिपका उशिरा आला. सह्याद्रीतल्या सुळक्यांचा इतिहास हा बराचसा मेखा, बोल्ट आणि दोरशिड्यांचा इतिहास आहे, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही. आपला कातळ पाहता ती अक्कलहुशारीच होती. पण अजूनही आपल्या बातम्यांत ‘कोण पोचलं’ आणि ‘किती तासांत पोचलं’ एवढंच असतं. किती मेखांना हात लावला, कोणी विचारत नाही. नवी पोरं विचारतात. २०१६ आणि २०१७मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा भरली, गिरिविहार या क्लबने भरवली, तेव्हा आपल्या मुलांनी जगातले अव्वल आरोहक समोरासमोर पाहिले. आता ती एकाच आठ हात दगडावर महिनाभर डोकं लावतात, आणि घरच्यांना कळत नाही की हा रोज तिथेच जाऊन करतो काय.

मला आल्बर्टची आठवण येते ती एका अर्धवट वाटेपाशी. १९८९मध्ये तो आणि ग्युलिश, मिलान सिकोरा आणि क्रिस्टोफ श्टीग्लर यांना घेऊन पुन्हा नेमलेस टॉवरवर गेले. नवी वाट, आग्नेयेकडच्या सोनेरी ग्रॅनाइटवर. नाव त्या वर्षी रेडिओवर सारखं वाजणाऱ्या गाण्याचं: ‘इटर्नल फ्लेम’. सुरुवातीलाच ग्युलिश पडला, घोटा दुखावला. तरी ते ६,२०० मीटरांहून उंच माथ्यावर पोचले. जगभर फोटो छापून आले. पण चार ठिकाणी, चार दोरलांब्यांमध्ये, त्यांना लोखंडाचा आधार घ्यावा लागला होता, आणि ते त्यांनी श्रेणीतच लिहून टाकलं: नववी वजा, ए२. त्या ‘ए’चा अर्थ आल्बर्टइतका कोणाला ठाऊक असणार! त्याच्याच नियमाने ती वाट तांबडी झाली नव्हती.

वीस वर्षं ती तशीच राहिली. कितीतरी नामवंत येऊन गेले. २००९च्या ऑगस्टमध्ये थोमास आणि अलेक्झांडर हूबर या भावांनी ती तळापासून माथ्यापर्यंत हातपायांनी चढली. आल्बर्ट तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचायला एवढा अवकाश होता.