श्वानसहवास आणि जीर्ण व्याधी

जीर्ण व्याधीचा रुग्ण औषधाला कंटाळण्यापूर्वी आयुष्याला कंटाळतो, हा सर्व वैद्यबंधूंचा अनुभव आहे. चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादास अग्रस्थान दिले आणि सत्त्वावजय हा चिकित्सेचा स्वतंत्र प्रकार मानला. परंतु गर्दीच्या वेळी या विषादाकडे पाहण्यास आपणास सवड कोठे असते?

पुसेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली) येथे आमच्याकडे येणारे, साठी उलटलेले एक शेतकरी प्रमेहाने दीर्घकाळ पीडित होते. पत्नी निवर्तलेली, मुले पुण्यास. नित्य चालण्याचा सल्ला आम्ही प्रत्येक वेळी देत असू. ते मान डोलावीत आणि घरी बाजेवर पडून राहत. पुढे आखाड्यावर एक कुत्र्याचे पिल्लू त्यांना लागले. त्याला भाकरी घालण्यासाठी ते सकाळ-संध्याकाळ शेतापर्यंत चालत जाऊ लागले. काही महिन्यांत निद्रा सुधारली, उपाशीपोटीची रक्तशर्करा उतरली आणि बोलण्यात रोगाऐवजी पिल्लाचा विषय येऊ लागला. औषध व पथ्य चालूच होते. त्यामुळे सर्व श्रेय पिल्लाला देता येणार नाही. तथापि आमच्या चिठ्ठीस जे साधले नाही, ते त्या मुक्या जिवाने साधले, हे मान्य करणे भाग आहे.

सुश्रुताचार्यांनी प्रमेहचिकित्सेत निर्धन व आप्तहीन रुग्णास दूरवर पायी हिंडण्यास, तसेच गाईंच्या मागे चालत राहण्यास सांगितले आहे. व्यायामाबरोबर सोबतही मिळावी, असा आम्ही त्याचा आशय घेतो. आज गाई राखणे सर्वांना शक्य नाही. श्वान मात्र दाराशीच असतो.

अर्वाचीन संशोधनही याच दिशेचे आहे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेत एरिका फ्रीडमन व सहकाऱ्यांनी हृद्रोगाच्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३, तर नसलेल्या ३९ जणांपैकी ११ रुग्ण दगावले. संख्या अल्प असल्याने यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली श्वानपालनाचा हृद्रोगाच्या घटत्या धोक्याशी संबंध असू शकतो असे म्हटले. मात्र केवळ त्यासाठी प्राणी पाळू नये, असेही बजावले. २०१५ साली जपानमधील अभ्यासात श्वान व त्याचा पालक परस्परांकडे पाहत असता दोघांतही ऑक्सिटोसिन वाढल्याचे आढळले.

येथे सावधगिरी अत्यावश्यक आहे. अलर्कविषात जलत्रास उद्भवल्यावर रुग्ण असाध्य होतो, हे सुश्रुतांनीच कल्पस्थानात नोंदविले आहे. म्हणून श्वानदंश होताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रुग्णास लसीकरणासाठी त्वरित शासकीय रुग्णालयात पाठवावे. घरगुती लेप वा काढ्यावर एक दिवसही दवडू नये. पाळलेल्या श्वानाचे लसीकरण व जंतनाशन नियमित करावे. प्रमेहीने अनवाणी चालू नये व पायांच्या जखमा श्वानास चाटू देऊ नयेत. तमकश्वासाच्या रुग्णास श्वानाच्या केसांनी त्रास होतो काय, हे आधी पाहावे. श्वान आला म्हणून औषध थांबवू नये, हे औषधी विक्रेत्यांनीही रुग्णास आवर्जून सांगावे.

रुग्णपत्रिकेत आहार-विहाराबरोबर ‘घरी सोबत कोणाची?’ हा एक प्रश्न आम्ही आता लिहितो. उत्तर ‘कोणी नाही’ असे आल्यास तेही लक्षण समजावे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या संत नामदेवांची नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे. त्या करुणेचा लाभ रुग्णालाही होतो, एवढेच आमचे निवेदन.