तो मी नव्हेच
प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांचे गाजलेले मराठी नाटक. बहुविवाह करून अनेक कुटुंबांना फसविणाऱ्या माधव काझीवरील खटल्याचा त्यास आधार आहे. मो. ग. रांगणेकर यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्ली येथे झाला. आरोपी लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. साक्षीदारांनी ओळखले, तरी तो प्रत्येक आरोप निर्विकारपणे नाकारतो. साक्षींतील पूर्वप्रसंग फिरत्या रंगमंचामुळे विनाविलंब दाखविता आले. प्रभाकर पणशीकर (१९३१–२०११) यांनी लखोबासह दिवाकर दातार, दाजीशास्त्री दातार, कॅप्टन परांजपे व राधेश्याम महाराज अशा पाच भूमिका केल्या. वेश बदलला, तरी युक्ती एकच : समोरच्यास ज्याविषयी आदर वाटतो, तेच रूप घेणे. लष्करी हुद्द्याप्रमाणे महाराजपणही येथे भांडवल ठरते. सिंक्लेअर लूइसच्या कादंबरीवरील एल्मर गँट्री (१९६०) या अमेरिकन चित्रपटातही एक फिरता विक्रेता वक्तृत्वाच्या बळावर धर्मोपदेशक बनतो. मात्र तेथे सभा भारावते, तर अत्र्यांच्या नाटकात फसलेल्यांनाच न्यायालयात उभे राहून आपली फसवणूक सिद्ध करावी लागते. विनोदाआडचे त्यांचे हे दुःख हाच या नाटकाचा गाभा होय.