विषाचे नाव सांगणारी चांदी

फवारणी करताना चक्कर येऊन पडलेला माणूस दवाखान्यात आणला की पहिला प्रश्न विचारला जातो, "काय फवारत होता?" बहुतेक वेळा उत्तर येते, "औषध." कोणते? ते शेतमालकाला माहीत, नाहीतर कृषी केंद्रवाल्याला. रोजाने जाणाऱ्या मजुराच्या पाठीवर आधीच कालवलेला पंप चढतो. त्यात एक विष आहे की तीन, हे त्याला कोणी सांगत नाही. विषाला आपण सगळेच औषध म्हणतो, तिथूनच घोळ सुरू होतो.

२०१७ चा हंगाम यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारा पानांवर कमी आणि माणसाच्या तोंडावर, छातीवर जास्त पडत होता. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली होती. म्हणजे शरीरात नेमके काय गेले, हाच मोठा प्रश्न होता.

नाव का कळायला हवे?

सगळ्या विषांवर एकच उतारा नसतो. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषे. ती आपल्या नसांचे काम बिघडवतात. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, उलटी-जुलाब होतात, अंग फडफडते, श्वास अडतो. यावर ॲट्रोपिन देतात, जोडीला प्रॅलिडॉक्झिमही देतात. पण डायफेंथ्युरॉनसारख्या विषावर असा खास उतारा नाही. तिथे श्वास, रक्तदाब सांभाळत लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. रक्तातल्या कोलिनेस्टरेजच्या तपासणीतून नसांवर परिणाम करणारे विष गेले आहे हे कळते, पण त्या गटातले नेमके कोणते, हे त्यातून कळत नाही.

मग विषाचे नाव सांगेल असे काही आहे का? आहे. त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली.

प्रकाशाने घेतलेला अंगठा

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनी आपला शोध जाहीर केला. १९३० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. शोध असा: एखाद्या पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा असतो. पण अगदी थोड्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो. कारण पदार्थाचे रेणू सतत थरथरत असतात आणि प्रकाशाची थोडी शक्ती त्या थरथरीत जाते. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, म्हणून रंगातला बदलही वेगळा. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की आपली ओळख पटते, तशी या बदलावरून रेणूची ओळख पटते.

अडचण एकच होती. हा बदललेला प्रकाश फार क्षीण असतो, साधारण कोटी किरणकणांमागे एखादाच. शेतातले विष थेंबात अगदी कमी असेल, तर त्याचा अंगठा उमटणार कसा?

चांदीचे काम

१९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केला आणि त्यावर पिरिडीन नावाचे रसायन बसवले. प्रकाश अपेक्षेपेक्षा खूपच जास्त मिळाला. त्यांना वाटले, खरबरीत केल्याने जागा वाढली, म्हणून रेणू जास्त बसले. १९७७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी हिशोब मांडला. वाढ लाखो पटींची होती, आणि नुसती जागा वाढून एवढी वाढ होत नाही. चांदीच काहीतरी करत होती.

ते असे. चांदी किंवा सोन्याचे अतिसूक्ष्म कण, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे, प्रकाशात आले की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन एका तालात हलतात. दोन कणांमधल्या बारीक फटीत प्रकाशाचा जोर प्रचंड वाढतो. विषाचा रेणू त्या फटीत सापडला, तर त्याची क्षीण खूण मोठी होऊन दिसते.

पायातले पैंजण काळे पडतात, ते चांदी गंधकाला धरते म्हणून. अनेक कीटकनाशकांतही गंधक असते, त्यामुळे ती चांदी-सोन्याच्या कणांना चांगली चिकटतात. पण म्हणून चांदीच्या वाटीत विष ओळखू येते, हा जुना समज खरा मानू नका. गुळगुळीत वाटीचा इथे उपयोग नाही. सूक्ष्म कण, लेझर आणि रंग मोजणारे यंत्र, तिन्ही लागतात.

काम कुठवर आले?

२०१० मध्ये चीनच्या शियामेन विद्यापीठातल्या संशोधकांनी संत्र्याच्या सालीवर सोन्याचे सूक्ष्म कण पसरून त्यावरचे कीटकनाशक शोधून दाखवले. हातात धरता येतील अशी रामन यंत्रेही आता मिळतात. पण फळाची साल वेगळी आणि माणसाचे रक्त वेगळे. रक्तात शेकडो पदार्थ असतात, विष शरीरात मोडून त्याची दुसरी रसायने होतात, आणि प्रत्येक खरबरीत पृष्ठभाग सारखे काम करत नाही. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयातल्या खाटेपर्यंत ही तपासणी अजून आलेली नाही. विज्ञानाने वाट दाखवली आहे, ती वस्तीपर्यंत आणायला मागणी करावी लागेल.

तोवर आपण काय करायचे?

यंत्र येईपर्यंत विषाचे नाव सांगणारी एकच वस्तू आपल्या हातात आहे. ती म्हणजे बाटलीवरचे लेबल.

- पंप पाठीवर घेण्याआधी बाटली किंवा पुडा मागा. मजुराला तो हक्क आहे. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला मोबाइलमध्ये फोटो काढायला लावा.
- लेबलवरचा रंगीत चौकोन पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.
- औषधे एकत्र कालवू नका. नोझल तोंडाने फुंकू नका. पाणी आणणाऱ्या, विष कालवणाऱ्या बायांनाही तेवढाच धोका असतो.
- त्रास झाला तर माणसाला शेताबाहेर आणा, कपडे काढा, साबण-पाण्याने भरपूर धुवा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. उलटी करवू नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा, आणि बाटली सोबत न्या.

बाटली सापडली नाही म्हणून घरी थांबू नका. डॉक्टर लक्षणे पाहूनही उपचार सुरू करतात.

पावसाळा लागण्याआधी आपण सगळ्यांनी मिळून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊ या आणि दोन गोष्टी विचारू या. कोलिनेस्टरेजची तपासणी इथे होते का? ॲट्रोपिनचा साठा किती आहे? उत्तर लेखी मागू या, आणि ग्रामसभेत वाचून दाखवू या.